साती आसरा आणि मोडलेली अट

बारवेतला गाळ उपसताना सात दगड निघाले आणि गावात दोन तट पडले.

गाव माझ्या माहेरचं, लातूर जिल्ह्यातलं, मांजरा नदीपासून फार लांब नाही. बारव जुनी, घडीव दगडांची. गेली कित्येक वर्षं तिच्यात बाभळीचा पाला, फुटकी प्लास्टिकं आणि देव्हाऱ्यातले नकोसे झालेले देव एवढंच पडत होतं. या उन्हाळ्यात पोरांनी वर्गणी केली आणि हातानं गाळ काढला. तिसऱ्या टप्प्यावरच्या कोनाड्यात, चिखलाच्या थराखाली, मुठीएवढे सात दगड ओळीनं मांडलेले होते. शेंदराचा पापुद्रा अजून कुठं कुठं धरून होता. शेजारी हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे.

म्हाताऱ्या बायांना विचारावंही लागलं नाही. "आसरा हायती," त्या म्हणाल्या, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात जणी, आणि पदर डोक्यावर घेतला.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. एका बाजूचं म्हणणं, आत्ता कुठं बारव साफ झाली, लगेच लिंबं, नारळं आणि बाहुल्या सुरू होतील. दगड उचलून नदीत सोडा, विषय संपवा. दुसरी बाजू म्हणाली, छे, या तर सप्तमातृका, इथं छोटंसं मंदिर बांधू, फरशी बसवू, बोर्ड लावू, चार भाविक आले तर गावाचं नाव होईल. मी कॉलेजात मराठी शिकवते म्हणून माझ्याकडं बघितलं गेलं. मी जे बोलले ते दोन्हीकडच्यांना पटलं नाही. खरं तर त्या गलक्यात मला ते धड मांडताही आलं नाही. म्हणून इथं सावकाश मांडते.

आधी हे ध्यानात घेऊ की 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'चाच आहे. अप् म्हणजे पाणी. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. यास्कानं निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या जुन्या ग्रंथात, 'अप्सारिणी' अशी फोड करून ठेवली आहे. शहरात आलेल्या अप्सरेचं कॅलेंडर झालं, सिनेमातलं गाणं झालं, पेन्सिलसुद्धा झाली. खेड्यात राहिली ती मात्र पाण्याजवळच राहिली. तिला शेवाळाचा वास आहे. सात जणींच्या नावांची जी यादी जुन्या लोकांकडून येते तिच्यात मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी नावं आहेत. म्हणजे मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी. इंद्राच्या दरबारात नाचायला यातली एकही जाणार नाही.

माझी आज्जी सांगायची त्या आसरा देखण्या होत्या, पण त्यांचं देखणेपण बघायला परवानगी नव्हती. भर दुपारी, बारव सुनी असताना, त्या सात जणी आंघोळीला येतात. केस मोकळे, अंगावर हिरवं लुगडं, ओलं. त्या वेळी तिकडं जायचं नाही. गेलाच तर खाकरून जायचं. चपला वर काढायच्या. पाण्यात थुंकायचं नाही. घागर बुडवण्याआधी "घेते गं माय" म्हणायचं. हे केलं तर आसरा काही करत नाहीत. नाही केलं तर धरतात. ताप येतो, माणूस बरळतो, तरणा गडी असेल तर त्याच पाण्याकडं पुन्हा पुन्हा ओढला जातो, आणि एक दिवस त्याची टोपी तेवढी तरंगताना दिसते.

या गोष्टीतून आपण काय उचललं? भुरळ. 'आसरांनी भुरळ घातली.' बाई सुंदर, बाई धोकादायक, पुरुष बिचारा. आज्जी मात्र तेवढ्याच जोरानं दुसरं काहीतरी सांगत होती, आणि ते होतं खाकरून जायचं. माझा मुद्दा एवढाच आहे. मोहिनी घालणाऱ्या बाईच्या आपल्याकडच्या गोष्टींच्या पोटात एक अट असते. ती अट घालणारी बाई असते, मोडणारा पुरुष असतो, आणि सांगता सांगता अट गळून पडते, मोहिनी तेवढी उरते.

उर्वशीचंच बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंचाण्णवावं सूक्त म्हणजे तिचा आणि पुरूरव्याचा संवाद. ती सोडून निघालेली आहे, तो विनवतो आहे. "वाऱ्यासारखी मी हाती लागणारी नाही," असं ती त्याला सांगते. त्याच सूक्तात ते कुप्रसिद्ध वाक्य आहे, बायकांशी मैत्री होत नसते, त्यांची काळजं लांडग्या-तरसांची असतात. हे वाक्य पुढं किती जणांनी सुभाषित म्हणून तोंडावर फेकलं असेल. पण ते कुणी, कुणाला आणि कधी म्हटलंय? तो जीव देण्याची भाषा करतोय आणि ती त्याला म्हणते आहे, मरू नकोस, लांडग्यांच्या तोंडी जाऊ नकोस, आमच्यासारखीसाठी तर नकोच. एका बाईनं एका पुरुषाला वाचवायला स्वतःवर घेतलेली शिवी आपण सगळ्या बायकांच्या कपाळावर डकवली.

हीच कथा शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सविस्तर येते, आणि तिथं उर्वशी लग्नाआधी अटी घालते. एक अट सगळ्यांना ठाऊक असते: तू मला उघडा दिसता कामा नये. गंधर्व तिचे मेंढे पळवतात, राजा तसाच अंथरुणातून धावतो, वीज चमकते, अट मोडते, ती जाते. कीर्तनातही ही वीज चमकते. त्या अटीच्या शेजारीच आणखी एक अट आहे, ती मात्र कुणी सांगताना मी ऐकली नाही. ती अशी: माझी इच्छा नसताना माझ्याजवळ निजायचं नाही. 'अकामा' असा शब्द आहे मुळात. एक अप्सरा, एका राजाला, लग्नाच्या बोलीत. आणि आपल्या 2023 सालच्या भारतीय न्याय संहितेत, कलम 63 मध्ये, अठरा वर्षांवरच्या स्वतःच्या बायकोशी नवऱ्यानं केलेला संभोग बलात्कार धरायचा नाही असा अपवाद अजून शाबूत आहे. कुणाला जुनाट म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

गंगा शंतनूला अटच घालते, मला जाब विचारायचा नाही. तो विचारतो, ती जाते. मेनकेनं विश्वामित्राचं तप मोडलं म्हणतात, पण मेनका स्वतःहून गेली नव्हती, इंद्रानं पाठवलं होतं. रंभेचं तर ऐकवत नाही. तीही इंद्राच्याच हुकमावरून गेली, घाबरत घाबरत, आणि विश्वामित्रानं तिला शाप दिला की दहा हजार वर्षं दगड होऊन पड. काम इंद्राचं, राग विश्वामित्राचा, दगड झाली रंभा. वाल्मीकीच्या बालकांडात हे आहे. आमच्या बारवेतले सात दगड हातात घेतले तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

लांब कशाला जा, हा सगळा मामला मराठवाड्यातल्या एका लेण्यात आहे. अजिंठ्याचं सतरावं लेणं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं. व्हरांड्यात ती प्रसिद्ध अप्सरा आहे, गळ्यातले सर वाऱ्यानं एका बाजूला गेलेली. सहलीला गेलेल्या प्रत्येक शाळेला गाइड तिच्यापाशी थांबवतो आणि टॉर्च मारून मोती दाखवतो. आत गेलं की उजव्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. तिथं फार कुणी थांबत नाही, कारण ती गुंतागुंतीची आहे आणि अंधारही आहे. पाचशे व्यापारी जहाज फुटून एका बेटावर लागतात. सुंदर बाया त्यांचं स्वागत करतात, घरं देतात, संसार मांडतात. त्या असतात राक्षसिणी, माणसं खाणाऱ्या. एक दिव्य घोडा सुटका करायला येतो, आणि सांगतो, मागं वळून बघायचं नाही. बहुतेक सगळे बघतात आणि पडतात. सिंहल तेवढा सुटतो.

ही झाली नेहमीची भुरळीची गोष्ट. पण तिचा पुढचा भाग असा की सिंहलाची राक्षसीण त्याच्या मागोमाग त्याच्या देशात येते, कडेवर त्याच्यासारखं दिसणारं लेकरू घेऊन. राजापुढं उभी राहून ती सांगते, मी याची लग्नाची बायको, याचं जहाज फुटलं म्हणून यानं मला अमंगल ठरवून टाकलं. राजा तिला ठेवून घेतो, आणि रात्रीत वाडा खाऊन टाकला जातो. बौद्ध कथेचा हेतू उघड आहे, आसक्ती माणसाला खाते. तो मला मान्य. पण मी ती भिंत बघते तेव्हा मला वाडा दिसत नाही, ते लेकरू कडेवर घेतलेली बाई दिसते. "अमंगल ठरवून टाकलं." हे वाक्य आमच्याकडं कोर्टाच्या आवारात कोणत्याही सोमवारी ऐकायला मिळेल. कथा सांगणाऱ्याला ते खोटं म्हणूनच लिहायचं होतं. तरी त्याच्या कानावर ते कुठून तरी आलेलं असणार, नाहीतर इतकं नेमकं लिहिता आलं नसतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की बाई आसरांचं गुणगान गातेय. तसं नाही. या गोष्टींची दुसरी बाजू काळी आहे आणि ती मला जवळून माहीत आहे.

आपल्या भाषेत भुतांची वर्गवारी बघा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली. हडळ, जखीण, यांच्याही मागं अकाली, अतृप्त गेलेली बाईच असते. जखीण हा शब्द तर यक्षीपासून आला. लेण्यांच्या दारात झाडाची फांदी धरून उभी राहणारी ती यक्षी, घसरत घसरत पिंपळावरची जखीण झाली. आणि गावोगाव विहिरी आहेत. "तिनं विहीर जवळ केली" असं आपण म्हणतो, इतकं सहज की जणू माहेर जवळ केलं. माझ्या लहानपणी आमच्या शिवारातल्या एका विहिरीत एक सून सापडली. कागदावर आलं, पाय घसरून पडली. गावात बोललं गेलं, आसरांनी ओढली. पाणवठ्यावर बाया तिसरंच काही बोलायच्या, पण पुरुष माणूस आला की गप्प व्हायच्या. तिला ओढणारा हात पाण्यातला नव्हता. आसरांच्या नावावर किती सासरं निर्दोष सुटली असतील याचा हिशेब कुठल्याच चोपडीत नाही.

माझी एक चुलती होती. दोन लेकरं पोटातच गेली तिची. तिसऱ्या खेपेला ताप भरला आणि ती बडबडू लागली. ठरलं, आसरा लागल्या. केस सोडून तिला अंगणात बसवलं, देवऋषी आला. दोन दिवस ती घुमली. त्या दोन दिवसांत ती सासूला जे बोलली ते मी दाराआडून ऐकलं आहे; आठ वर्षांत एकदाही वर मान न केलेली बाई घरातल्या एकेकाचं नाव घेऊन विचारत होती, मला ऊस तोडायला नेलं तेव्हा माझं पोट दिसलं नव्हतं का. आणि सगळे हात जोडून ऐकत होते, कारण बोलत होत्या आसरा. त्या दोन दिवसांचं तिला काय सुख झालं असेल ते मला कळतं. पण ताप टायफॉइडचा होता, आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला तो झालाच. ती वाचली. ऐकू मात्र कमी येऊ लागलं तिला.

म्हणून जिवंत बाईवर कुणी बोट ठेवलं, की ही धरलेली आहे, ही चेटकीण आहे, हिच्यामुळं जनावरं आटली, तर तिथं लोककथेचं कौतुक करत बसायचं नाही. तिथं कायदा आहे आणि तो वापरायचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणाला करणी करणारी, जनावरांचं दूध आटवणारी, अपशकुनी ठरवणं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. दगडाला हळदकुंकू वाहणं या गुन्ह्यांत येत नाही. हा फरक कायदा करणाऱ्यांनी नीट पाळला आहे. आपण पारावर बसून तो पुसतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं खूळ नव्हे. आयर्लंडात परीला गोड नावानं हाक मारायची रीत होती, 'भली माणसं' म्हणायचे, आपण सापाला 'लांबडं' म्हणतो तसं. तिथं टिपेररी परगण्यात 1895 साली ब्रिजेट क्लिअरी नावाची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. स्वतःचं शिलाई मशीन, स्वतःची कमाई. नवऱ्यानं ठरवलं, ही माझी बायको नव्हेच. परीलोकांनी माझी नेली आणि तिच्या जागी ही ठेवली. घरात बाप आणि भाऊबंद असताना तिला जाळलं गेलं. मग तो नवरा परीलोकांच्या टेकाडावर रात्री वाट बघत बसला, की खरी बायको घोड्यावरून येईल आणि मी तिला सोडवीन. वीस वर्षांची शिक्षा झाली त्याला. तिथंही गोष्टीतल्या परीची अट सगळ्यांच्या तोंडपाठ होती, पण घरातल्या बाईचं म्हणणं ऐकायला कुणी नव्हतं.

आता त्या दोन तटांकडं येते.

दगड नदीत सोडा म्हणणारे आपलेच लोक आहेत, मी त्यांच्याच सभांना जाते. पण त्यांना वाटतं दगड गेले की भीती गेली. भीती दगडात नव्हती. चुलतीला धरायला देवऋषी बारवेवर गेलाच नव्हता, घरी आला होता. दगड गेले तर जाईल ती पाण्यापुढची रीत: खाकरणं, चपला काढणं, विचारून घेणं. आमच्या भागात आता सहाशे-सहाशे फूट बोअर घेतात. एकाही बोअरशेजारी सात दगड मांडलेले मी बघितले नाहीत, आणि बोअर आटला तर कुणाला अपराधीही वाटत नाही. दुसरीकडं भोक पाडतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते बघायला लोक स्टेशनवर गेले. आसरा असत्या तर दुष्काळ पडला नसता असला भंपकपणा मी करणार नाही. प्रत्येक रूढीला मागून शास्त्रीय कारण चिकटवायची आपल्याकडं जी हौस आहे ती मला सोसत नाही. पण पाणी कुणाचं तरी आहे, आपण ते मागून घेतो, एवढं म्हणणारं जे काही शिल्लक आहे ते स्वच्छतेच्या भरात फेकून द्यायला मी तयार नाही.

आणि मंदिरवाले. त्यांना मी म्हटलं, सप्तमातृका वेगळ्या, आसरा वेगळ्या. सप्तमातृका बघायच्या असतील तर वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात जा; ब्राह्मी, माहेश्वरी, वैष्णवी, म्हणजे देवांच्या शक्ती, प्रत्येकीला वाहन, प्रत्येकीला देव. त्याच लेण्याच्या दर्शनी भागात मगरीवर उभी असलेली गंगा आहे. नातं शोधायचं तर आसरांचं तिच्याशी लागेल. आसरांना नवरे नाहीत. देऊळ नाही, छप्पर नाही. मंत्र नाही, पुजारी नाही. दहीभात, हिरवा खण, बांगड्या; कुठल्याही जातीची बाई येते, ठेवते, जाते. फरशी बसली की दानपेटी येते. मग दारावर पाटी येते, कुणी कधी यायचं नाही त्याची.

हे मी नाही, एका म्हातारीनं जास्त नीट सांगितलं. ती पाराच्या कडेला, बायांच्या घोळक्यात उभी होती. तिचं घर गावकुसाच्या त्या अंगाला. म्हणाली, "त्या बाया हायती, देवी न्हाईत. देवी केली की पुजारी येतो, आन् पुजारी आला की आमाला वरूनच हात जोडा म्हन्तो. आमची आय हितंच पाण्यापाशी उतरायची." आय कधी उतरायची, कुणाच्या डोळ्याआड उतरायची, ते ती बोलली नाही. पाण्याला शिवायला ज्यांना बंदी होती त्यांच्याही बाया भर दुपारी, जेव्हा आसरांच्या भीतीनं बाकी कुणी फिरकत नसे, तेव्हा येत असतील का? मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून सुन्या दुपारच्या गोष्टीचा विचार मी वेगळा करते.

शेवटी निकाल लागला तो कंटाळ्यानं. पावसाचं वातावरण होतं, पोरांना घरी जायचं होतं. दगड धुऊन परत त्याच कोनाड्यात ठेवायचे, वर काही बांधायचं नाही, असं ठरलं. ग्रामसेवक हजर होते, त्यांना बारवेतल्या वस्तूंची नोंद करायची होती. दगडी नंदी एक, तुटका. तांब्याची घागर एक, चेपलेली. मग सात दगड. त्यांनी विचारलं, "यांचं नाव काय टाकू?"

साती आसरा टाका, कुणीतरी म्हणालं.

"तशी नको, वेगवेगळी नोंद करू या. सात आहेत ना."

चुलती माझ्या शेजारीच बसली होती. कानामागं हात धरून तिनं विचारलं, काय म्हणतोय तो. मी सांगितलं. ती बोटांवर मोजत सांगू लागली: मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी. पाच झाल्या आणि ती अडली. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. ग्रामसेवक पेन उघडं धरून थांबले होते. वहीत दोन ओळी तशाच सोडल्या त्यांनी.